मेंदूची इजा, बिजा आणि तिजा

गोव्याला जाऊन आलो म्हटलं की मिरजेतली माणसं आधी आपल्या चेहऱ्याकडे बघतात आणि मग पिशवीकडे. माझ्या पिशवीतून आमसुलं, एक नारळ आणि छापील पत्रकांचा जेमतेम फुटलेला गठ्ठा निघाला, तेव्हा शेजारच्या वहिनींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "एवढंच?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "बाकीचा गोवा तिथंच ठेवून आलो, दुसऱ्यांनाही बघायचा असतो."

ज्यांनी गोवा पाहिलेला नाही आणि ज्यांना आपण पाहिलाय असं वाटतं, त्या दोघांसाठीही हे लिहिते आहे. आम्ही गेलो ते पेडणे आणि डिचोली हे तालुके दोघांच्याही यादीत नसतात. आणि ज्या कामासाठी गेलो ते तर कुणाच्याच यादीत नसतं.

आधी आमची ओळख. मी निवृत्त शिक्षिका. तेहतीस वर्षं सातवीच्या पोरांना व्याकरण शिकवलं, त्यामुळे जिभेला धार आहे आणि ती वापरायची सवयही. आमचे हे, म्हणजे श्रीपाद, सहा वर्षांपूर्वी मिरजेच्या मार्केटपाशी स्कूटरवरून पडले. खड्ड्याला काही झालं नाही. यांच्या डोक्याला मार लागला. अकरा दिवसांनी इस्पितळानं 'पेशंट नॉर्मल' असा कागद देऊन घरी पाठवलं. तो कागद मी जपून ठेवलाय, कारण त्याच्याइतका विनोदी मजकूर मी शाळेच्या हस्तलिखितातही वाचलेला नाही.

आमचा संसार टोमण्यांवर उभा होता. मी एक मारायचे, हे दोन परत करायचे. मी म्हणायचे, "या राजे, स्वारी लवकर आली आज!" हे म्हणायचे, "हो, सैन्य मागे राहिलंय, भाजी निवडतंय." शेजाऱ्यांना वाटायचं आम्ही भांडतोय. आम्ही खरं तर लाडात असायचो. पडल्यापासून मात्र "या राजे, लवकर आलात" म्हटलं, की हे घड्याळाकडे बघून म्हणतात, "नाही, नेहमीच्याच वेळेला आलो." हसतात मात्र अजून. मी काही बोलले की बरोब्बर हसतात. म्हणून मी सगळ्यांना सांगत असे, विनोदबुद्धी शाबूत आहे, फक्त परतफेड बंद झालीय. मनातून माझा असाही संशय होता की हे मुद्दाम करतात. लोक वेड पांघरून पेडगावला जातात, तसं.

तर डोक्याला मार लागून 'बरी' झालेली माणसं घरी गेल्यावर पुढे कशी जगतात, त्यांचं नक्की काय हरवतं आणि त्यातलं काय परत येतं, याचा अभ्यास काही डॉक्टर मंडळी करणार होती. त्यांना खाण, ट्रक, माड आणि दुचाकी एकत्र नांदतात असे तालुके हवे होते, म्हणून पेडणे आणि डिचोली. त्यांना यंत्रं मिळाली होती, परवानग्या मिळाल्या होत्या, फक्त 'समाजाचा पाठिंबा' मिळाला नव्हता. तो कुठल्या दुकानात मिळत नाही हे कळल्यावर त्यांना आमचा, म्हणजे अशा माणसांच्या कुटुंबांचा, मिरजेचा आधारगट आठवला. अट सोपी होती: दहा कुटुंबं सही करून तयार झाली तर अभ्यास सुरू, नाहीतर सगळं बासनात. यादीत पहिलं नाव श्रीपादांचं. मला त्या अभ्यासातून एकच उत्तर हवं होतं: माझ्या टोमण्याला उलट टोमणा मारणारा माझा नवरा परत मिळणार आहे की नाही? त्यासाठी मी तीन दिवस काय, तीन महिनेही हिंडले असते.

म्हणून पेडगावला न जाता आम्ही पेडण्याला गेलो.

इजा : मांद्रे

पेडण्याच्या स्टँडवर आम्हाला घ्यायला शैला आली. शैला अंगणवाडी सेविका, चाळिशीची, बोलायला मोकळी, आणि हे तीन दिवस आमची वाटाडी, दुभाषी आणि पोटाची काळजीवाहू. तिनं आधी हॉटेलात नेऊन पातळ भाजी, उंडे आणि मिरची-भजी पुढ्यात ठेवली. उंडे म्हणजे आतून मऊ, बाहेरून टणक पाव. आमच्याकडचे पाव दोन्हीकडून सारखेच मऊ असतात, चारित्र्य म्हणून काही नसतं. एक वाजला आणि हॉटेलवाल्यानं दारं ओढली. आमच्या मिरजेतही दुकानदार दुपारी झोपतात, पण शटर उघडं ठेवून, म्हणजे गिऱ्हाइकालाही पाहता येतं. इथं झोपेचा मान मोठा, तिला दार लावून घेतात.

मांद्र्याच्या रस्त्यावर मन शांत करून देणाऱ्यांच्या इतक्या पाट्या आहेत की माणूस वाचून वाचूनच अशांत व्हावा. त्यातल्या निम्म्या परदेशी लिपीत. मेंदूची पाटी एकच, आमची. ती मी स्वतः छापून नेली होती: 'मेंदू इजा संशोधनास समाजाचा जाहीर पाठिंबा हवा!' उद्गारचिन्ह माझं. व्याकरण निर्दोष.

सभा चार वाजता देवळाच्या सभामंडपात होती, म्हणजे पाच वाजता लोक जमले. पंचवीसेक माणसं. शैलानं कुणाच्या तरी घरून दोन 'कदेलां' आणवली. मला वाटलं खाण्याचं काही आहे. खुर्च्या निघाल्या. मी उभी राहून अर्धा तास शुद्ध मराठीत मेंदू समजावला. पुढच्या रांगेतले दामू बाब, ज्यांच्या घरात पाहुण्यांच्या सहा खोल्या आहेत आणि म्हणून गावात शब्द आहे, ते पत्रक उलटं-सुलटं करून बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "पाठिंबो कोणाक दिवपाचो? उबो कोण रावता?"

"कोणी उभं राहत नाही," मी म्हटलं.

"मागीर पाठिंबो कित्याक?"

म्हणजे मग पाठिंबा कशाला. या गावात पाठिंबा हा शब्द फक्त पंचायतीच्या निवडणुकीत बाहेर काढतात आणि मतमोजणीनंतर धुऊन वाळत घालतात, हे मला मिरजेत बसून कसं कळावं? मागून एक बाई विचारू लागली की पाठिंबा दिला तर नळाला पाणी कधीपासून येणार. मी घाम पुसला आणि थेट मुद्द्यावर आले: "तुमच्यापैकी कोणाच्या घरात मेंदूला इजा झालेलं कोणी आहे का?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी नाही. इतकं निरोगी गाव मी जन्मात पाहिलं नव्हतं.

खांबाला टेकून बसलेले एक म्हातारे मात्र गंभीरपणे म्हणाले, "इजा जाली म्हणटात. बरें. मागीर बिजा आनी तिजा खंय आसा?"

सगळा मंडप हसला. एक क्षणभरानं श्रीपादही हसले. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की भिंतीचा रंग उडावा, पण ते प्रसन्न होते. मग रीतसर चहा झाला, लोकांनी आमची आपुलकीनं चौकशी केली, राहायचं कुठं, जेवायचं काय, मासे चालतात ना, आणि एकही सही न देता सगळे घरी गेले. आपुलकीत कमी पडले म्हणून कुणाला बोल लावता येणार नाही.

संध्याकाळी शैला आम्हाला किनाऱ्यावर घेऊन गेली. ओहोटी लागली होती, वाळू ओली आणि घट्ट, होड्या वर ओढून ठेवलेल्या. एक कोळीण जाळ्यातून बारीक मासळी झटकत होती आणि तिच्याभोवती कुत्री आदबीनं रांगेत बसली होती, मिरजेच्या रेशन दुकानात दिसत नाही अशी रांग. श्रीपाद पाण्यात पाय बुडवून कितीतरी वेळ उभे. मी आधीच वैतागलेली. म्हटलं, "घ्या, आता समुद्रही बाटलीत भरून घ्या, तेवढाच राहिलाय!"

त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली, होतं ते पाणी ओतलं, वाकून समुद्र भरून घेतला आणि झाकण घट्ट लावलं. आमचं प्यायचं पाणी तेवढंच होतं. शैला हसून हसून वाळूत बसली. मीही हसले, पण मला रडायलाही येत होतं. पूर्वी हे म्हणाले असते, "घेतो ना, तुझ्या आमटीत मीठ कमीच असतं." मी त्या वाक्याची वाट बघत क्षणभर थांबले. ते माझ्याकडे बघून छान हसले, एवढंच.

बिजा : मये

मये डिचोली तालुक्यात. तळं सुंदर आहे, चारी बाजूंनी डोंगर उतरून पाण्याशी आलेले, कडेला पायानं चालवायच्या बदकाच्या आकाराच्या होड्या. शहरातली जोडपी त्यात बसून एकाच जागी गोल गोल फिरत होती. लग्नाची पूर्वतयारी म्हणून वाईट नाही. काजूला मोहोर आलेला होता आणि त्याचा वास अख्ख्या रस्त्यावर पसरलेला. गोव्यात आल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं, आपण उगाच चिडचिड करतो.

हे वाटणं फार टिकलं नाही. बैठक होती सत्यवतीबाईंच्या सोप्यावर. सत्यवतीबाई सत्तरीच्या, हिरव्या काठाचं लुगडं, वाडीत त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही असं शैलानं सांगितलेलं. आम्ही चपला काढून वर बसेपर्यंत त्यांच्या कुत्र्यानं माझी डावी चप्पल उचलून कुळागराच्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेच्या, दिशेनं कूच केलं. ती पुढे मिळालीच नाही. उरलेला प्रवास मी शैलाच्या निळ्या रबरी सपाता घालून केला. संशोधनासाठी लोक काय काय त्याग करतात, वर्तमानपत्रात येत नाही ते.

चहा पिरिशीत ओतून दिला, पिरीस म्हणजे आपली बशी. सोबत आळसांद्यांचं तोणाक आणि पोई, म्हणजे कोंड्याचा चपटा पाव. आळसांदे म्हणजे चवळीचा थोरला भाऊ. तोणाक म्हणजे त्याची खोबऱ्यात वाटून केलेली घट्ट, मसालेदार आमटी. मी तीन वेळा घेतलं. कालच्या अनुभवानं शहाणी होऊन 'पाठिंबा' हा शब्द गिळून टाकला आणि सरळ संमतीपत्रं काढली.

तिथंच घोळ झाला.

"सही?" सत्यवतीबाई म्हणाल्या. "सही म्हळ्यार हांव करचें ना. म्हज्या घोवान एक सही केल्ली. ताचो तरास अजून सोंपूंक ना."

त्यांच्या यजमानांची सही जमिनीच्या कागदावरची होती. कुठला कागद, कशाचा, ते मला नीट कळलं नाही आणि विचारायची प्राज्ञाही नव्हती. पण इतकं कळलं, की या भागात जमीन कुणाच्या नावावर हा प्रश्न जुना आहे आणि 'संमती' म्हटलं की लोकांना मेंदू नव्हे, आधी कुंपण आठवतं. मी म्हटलं, "हा कागद जमिनीचा नाही, डोक्याचा आहे." त्या म्हणाल्या, "सगळेच कागद पयलीं डोक्याचे आसतात."

मी हरले. निदान माहिती तरी मिळवावी म्हणून विचारलं, "इथं कुणाला मेंदूची इजा?"

"ना," त्या ठामपणे म्हणाल्या. "म्हज्या पुताक इजा-बिजा कांयच जावंक ना." मग जरा थांबून, "तो पडिल्लो मात."

"पडलेला?"

"माडावयल्यान. चार वर्सां जालीं. देवचारान थापट मारली ताका."

देवचार म्हणजे गावाचा राखणदार. अदृश्य, पण दरारा असलेला. त्याच्या वाटेत आडवं आलं की तो थापट मारतो, आणि मग माणूस उठतो पण पहिल्यासारखा उरत नाही. सत्यवतीबाईंचा मुलगा पूर्वी नारळ पाडायला दहा वाड्यांत जायचा. आता दिवसभर झोपतो, जेवण झालं की 'मला जेवायला दिलं नाही' म्हणतो. तो आतच होता. जनेलातून, म्हणजे खिडकीतून, त्याची पाठ दिसत होती.

आम्ही बाहेर आलो. एका पायात काही नव्हतं, पिशवीत सही नव्हती. शैला गाडीला किल्ली लावता लावता थांबली.

"बाई, राग मानू नकात. तुमचो प्रश्न चुकला. हांगां कोणाक इजा जायना. हांगां लोक पडटात."

सातवीच्या पोरांना शब्द चुकला म्हणून अंगठे धरायला लावलेली बाई मी. दोन दिवस मी लोकांना त्यांच्या भाषेत नसलेला आजार विचारत होते आणि गाव निरोगी आहे म्हणून त्यांनाच हसत होते.

तिजा : सर्वण

सर्वण डिचोलीला लागूनच. भाताचे वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पिकाचे, तुकडे हिरवेगार, मधून पाटाचं पाणी, बांधावर मिरची आणि लाल भाजी. दोन तालुक्यांतली शैलानं हेरलेली माणसं तिनं इथंच गोळा केली होती, शाळेच्या पडवीत. तीसेक जण. काही शेतकरी, काही सिंधुदुर्गातून येऊन खाणीवर, ट्रकवर, शेतात कामाला राहिलेले. सत्यवतीबाईही आल्या होत्या, मुलाला घेऊन. "बसूक आयलां," त्यांनी मला बजावलं. "सही करूंक न्हय."

आज माझी तयारी पक्की होती. पत्रकं गठ्ठ्यातच ठेवली. इजा नाही, पाठिंबा नाही. उभी राहिले आणि इथल्या शब्दात विचारलं, "तुमच्यात पडलेलं कोण कोण आहे?"

पहिल्याच रांगेतला एक पांढऱ्या शर्टातला गृहस्थ ताडकन उठला.

"हांव! दोन फावटीं पडलां."

"अरेरे," मी वही उघडली. "कशावरून?"

"वार्ड नंबर तीन."

पडवी फुटली हसून. गृहस्थ पंचायतीच्या निवडणुकीत दोनदा पडले होते. "इजा जाली, बिजा जाली," कोणीतरी मागून ओरडलं, "फुडल्या खेपेक तिजा!" ते स्वतःही हसत खाली बसले. हसण्यानं मात्र काम केलं. मी "डोक्यावर पडलेलं" म्हटल्याबरोबर हात वर होऊ लागले. कोणी मोटारसायकलवरून, कोणी माडावरून, कोणी विहिरीच्या काठावरून, एक तर म्हशीवरून. दोन दिवस ज्या तालुक्यांत एकही इजा नव्हती, तिथं चौदा माणसं पडलेली निघाली.

त्यात सुलभा होती. तिशी-पस्तिशीची, दोडामार्गाकडची. तिचा नवरा वसंत तिच्यापासून लांब, पडवीच्या टोकाला, लोकांकडे पाठ करून बसला होता.

"ह्यो खाणीच्या टिपरार ताडपत्री बांधूक चढलो आणि थयसून खाली इलो," ती सांगू लागली. "तीन दिस शुद्ध नाय व्हती. मगे डाक्तरान सांगल्यान, बरो झालो, घराक न्हेवा. घराक हाडलंय तो ह्यो दुसरोच." तिनं पदर तोंडाशी नेला. "लोक म्हणतत दारू पिता. थेंबाक शिवणा नाय, बाई. पण बोलता बोलता उठता आणि चलाक लागता. दोन दोन तास पत्तो नाय. माजो भाव म्हणता, सोड तेका, चल म्हायेराक."

मला ही जागा ओळखीची होती. आधारगटाच्या प्रत्येक सभेत मी इथं उभी राहते आणि श्रीपादांना उदाहरण म्हणून सादर करते. तसंच केलं. म्हटलं, "हे बघा, आमचेही पडलेले. आवाज सहन होत नाही. चार माणसं एकदम बोलली की थकतात. पण सगळंच जात नाही बरं का! माझ्या टोमण्यांना अजून हसतात. नाहीतरी दुसरं काय करणार बिचारे, तिसाव्या वर्षी सापडले ते सुटलेच नाहीत!"

लोक हसले. श्रीपाद हसले. मी विजयी नजरेनं सुलभाकडे पाहिलं.

तेव्हा टोकाला बसलेला वसंत वळला. उठून आला, श्रीपादांच्या समोर खाली बसला आणि म्हणाला, "तुमका काय होता ओ?"

"त्यांना ना," मी सुरुवात केली, "मुख्य म्हणजे—"

"तुमका नाय, बाई," तो हात वर करून म्हणाला, रागानं नव्हे. "तेंका इचारतंय."

श्रीपाद विचार करत होते. त्यांना वेळ लागतो. एरवी त्या वेळात मीच उत्तर देऊन टाकते, लोकांचा खोळंबा नको म्हणून. आता वसंत समोर बसला होता आणि त्याला घाई नव्हती. बाहेर पाटाचं पाणी वाहत होतं. सत्यवतीबाईंचा मुलगाही ऐकत होता.

"ही बोलते ना," श्रीपाद म्हणाले, "ते खरं की उलटं, ते मला कळत नाही."

"म्हणजे?" मी म्हटलं. वसंतनं माझ्याकडे पाहिलं आणि मी वही मिटली.

"आधी कळायचं. आता सगळं खरंच वाटतं. ती म्हणाली जा, तर जायचं की थांबायचं, कळत नाही. मग ती चिडते. म्हणून मी सांगितलेलं करतो."

"मगे हसतास कसे?"

श्रीपादांनी परत वेळ घेतला. "ती बोलून झालं की जरा थांबते," ते म्हणाले. "थांबली की हसायचं असतं."

मला कुणी फाडकन मारली असती तरी बरं वाटलं असतं. सहा वर्षं. रोज सकाळ-संध्याकाळ मी या माणसाला 'या राजे', 'वा, काय पराक्रम', 'आता एवढंच राहिलं होतं' म्हणत आले आणि त्यानं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं अंगावर घेतलं. मी लाड म्हणून जे बोलले ते त्यांना टोचलं असेल, आणि ते मुकाट्यानं माझ्या थांबण्याची वाट बघत बसले, हसण्यासाठी. आणि हे सगळं मी सभांमधून 'विनोदबुद्धी शाबूत' म्हणून सांगत फिरले.

वसंत मान हलवत होता. "माजाय तसाच," तो म्हणाला, बहुतेक स्वतःशीच. मग सुलभाकडे बोट दाखवून, "ही म्हणता, 'जावा, खय जातलात थय जावा!' मी जातंय. मगे इचारता, 'कशाक गेल्लात?'"

"अरे देवा!" सुलभा उभीच राहिली. "ता मी रागान म्हणतंय!"

"माका काय म्हायत?"

इतकं साधं होतं. गाव ज्याला दारुडा म्हणत होतं, तो बायकोचं ऐकत होता. सुलभा मटकन त्याच्या शेजारी बसली, त्याच्या दंडाला धरून, सगळ्या लोकांदेखत, आणि हसली की रडली ते मलाही कळलं नाही. त्याला तर नाहीच कळलं. त्यानं तिला विचारलं, "रागावलंस?" आणि ती म्हणाली, "नाय." थांबून पुन्हा एकदा, नीट, त्याच्याकडे बघून, "नाय."

त्यानंतर मला भाषण करावं लागलं नाही. लोकांनी आपापल्या पडलेल्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. कोणी विचारलं, तुला काय होतं? कोणी विचारलं, तू रात्री दिवा का मालवू देत नाहीस? काही उत्तरं हळू आली, काही आलीच नाहीत. सत्यवतीबाईंनी मुलाला विचारलेलं मला ऐकू आलं नाही, पण त्या बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत बसल्या. मग उठून माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तो कागद हाड. पूण वाचून दाखय. सगळो."

मी कागद आणला आणि सगळा वाचून दाखवला. हळू. एकेक वाक्य, उद्गारचिन्हांशिवाय. जमीन हा शब्द कुठं नाही याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली आणि मुलाच्या हातात पेन दिलं. सही त्याची होती, त्यानंच करायची. दुपार कलेपर्यंत अकरा कुटुंबं झाली.

जे उत्तर मला डॉक्टरांकडून, यंत्रांकडून, दोन वर्षांनी अभ्यास संपल्यावर हवं होतं, ते सर्वणच्या पडवीत मिळालं. तो नवरा परत येणार नाही. हे डॉक्टर अजूनही कदाचित वेगळ्या शब्दांत सांगतील, पण मला आता विचारायचं उरलं नाही. मला वाईट वाटलं, फार वाटलं, आणि ते कुठल्याही वाक्प्रचारात बसवायची इच्छा झाली नाही.

डिचोलीच्या स्टँडवर शैला आमच्या हातात पोया बांधून देऊन गेली. आम्ही बाकावर बसलो. स्टँडवर गलका होता, मिरजेच्या मानानं काहीच नाही, पण श्रीपाद थकले होते.

"काम झालं?" त्यांनी विचारलं.

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. तेहतीस वर्षं शाळेत आणि त्याहून जास्त वर्षं घरात ते तयारच असायचं: नाही, आपण इथं हवा खायला आलो होतो! मी ते गिळलं. गिळायला जड गेलं, खोटं कशाला बोलू?

"झालं," मी म्हटलं. "अकरा कुटुंबं मिळाली. तुमच्यामुळे मिळाली."

आणि सवयीनं थांबले.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ओठ हसण्यासाठी जरा हलले, मग तसेच राहिले.

"आता हसायचं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "हे खरं आहे."